डुकराच्या अंगावर मांस कमी, चरबीच जास्त: खाद्यातली ऊर्जा किती आणि कोणत्या वयात?

माळावरचा | १२ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

चाकणपासून थोडं आत, माळावर माझं वराहपालन आहे. लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि लँड्रेसचा संकर, १४ माद्या, २ नर, आणि एका वेळी साठ-सत्तर वाढीची जनावरं. चार वर्षं झाली. खाद्य म्हणजे मुख्यतः एमआयडीसीतल्या कॅन्टीनचं खरकटं. भात, चपाती, भाजी-आमटी, तळण. त्यावर मूठभर गव्हाचा कोंडा. पिल्लांचं दूध ४५ दिवसांनी तोडतो आणि लगेच त्यांनाही हेच सुरू करतो.

अडचण अशी. दूध तोडल्यावर पिल्लं दोन-अडीच महिने रेंगाळतात. पोट सुटलेलं, पाठ बारीक, केस राठ. पन्नास किलो ओलांडले की मात्र भराभर फुगायला लागतात. नव्वद किलोला माल देतो, आणि कापल्यावर व्यापारी म्हणतो, "चरबीच चरबी आहे, मांस कुठाय?" मागच्या खेपेला किलोमागे भाव पाडला. मी समोर उभा राहून बघितलं, त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पाठीवर नुसता पांढरा थर.

जो सांगेल तो वेगळंच सांगतो. कोणी म्हणतं खाणं कमी कर, कोणी म्हणतं जात खराब, कोणी म्हणतं तेलकट बंद कर. मला मुळातून समजून घ्यायचं आहे. एकच खाणं लहानपणी वाढ खुंटवतं आणि मोठेपणी चरबी चढवतं, हे कसं?

निवृत्त_पशुवैद्य | १२ नोव्हेंबर, रात्री १०:२५

माळावरचे, प्रश्न फार चांगला मांडलात. सविस्तर लिहितो, पण आधी चार गोष्टी सांगा. एक, चरबीचा थर कधी पट्टीने मोजलात का? दोन, मोठं जनावर दिवसाला किती किलो खरकटं खातं? तीन, खरकट्यात पाणी किती? चार, खच्ची केलेले नर आणि माद्या एकत्रच आहेत का?

माळावरचा | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

डॉक्टर, शेवटच्या बरगडीपाशी मोजला होता. तीन जनावरांचा ३३, ३५ आणि ३८ मिलिमीटर, कातडीसकट. ऐंशी किलोचं जनावर साधारण १० किलो खरकटं संपवतं, कमी पडलं तर ओरडतात. पाणी बरंच असतं. एकदा पाव किलो उन्हात पत्र्यावर वाळवलं तर साठ-बासष्ट ग्रॅम राहिलं. नर-माद्या एकत्रच.

निवृत्त_पशुवैद्य | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

वाळवून बघितलंत, उत्तम केलंत. तेवढ्या एका आकड्यावर निम्मं उत्तर उभं आहे.

डुक्कर जे खातं त्यातल्या ऊर्जेचा हिशोब घरखर्चासारखा चालतो. पहिला वाटा जगण्याचा: श्वास, रक्ताभिसरण, अंगाची ऊब, थोडी हालचाल. हा खर्च टळत नाही. २५ किलोच्या पिल्लाला तो दिवसाला सुमारे १,३५० किलोकॅलरी लागतो, ८० किलोच्या जनावराला सुमारे २,७००. यातून उरेल तीच ऊर्जा वाढीला. आणि वाढ दोन प्रकारची, मांसाची आणि चरबीची.

एक ग्रॅम प्रथिन अंगात बसवायला साधारण १०.६ किलोकॅलरी लागतात, एक ग्रॅम चरबी बसवायला साधारण १२.५. फरक फारसा वाटत नाही ना? पण प्रथिन अंगात कोरडं बसत नाही, पाणी घेऊन बसतं. ताज्या लाल मांसात तीन-चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे १०० ग्रॅम प्रथिन बसलं की साडेचारशे ग्रॅमच्या आसपास मांस तयार होतं. चरबीच्या थरात पाणी नावालाच. त्यामुळे एक किलो मांसाला जेवढं खाद्य लागतं, त्याच्या जवळजवळ चौपट एक किलो चरबीला लागतं. सत्तर किलोनंतर "खातंय खूप पण वजन तेवढं चढत नाही" असं जे प्रत्येक पाळणारा सांगतो, त्यामागे मुख्यतः हेच असतं.

आता मुख्य गोष्ट. मांस बनवण्याच्या वेगाला मर्यादा आहे. ती जातीवर, लिंगावर आणि वयावर ठरते. सुधारित जातीच्या चांगल्या जनावरात २५ किलोपासून विक्रीपर्यंतची सरासरी दिवसाला १३० ते १५० ग्रॅम प्रथिन येते. खच्ची नरात थोडी कमी, खच्ची न केलेल्या नरात सर्वांत जास्त. त्या मर्यादेपर्यंत ऊर्जा वाढवाल तसं मांस वाढतं. मर्यादा आली की वरची सगळी ऊर्जा चरबीत जाते. १९७६ मध्ये एडिंबराच्या व्हिटेमोर आणि फॉसेट या संशोधकांनी हे गणितात मांडलं: रेघ सरळ चढते आणि एका जागी सपाट होते. पुढे त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, पण पाया तोच राहिला.

तुमचं ८० किलोचं जनावर घेऊ. १० किलो खरकटं म्हणजे, कोरड्या खाद्यातही थोडा ओलावा असतो तो धरून, कोरड्या खाद्याच्या भाषेत साधारण २.८ किलो. किलोला ३,२०० किलोकॅलरी धरली तर ८,९६० आत गेली. जगण्याचे २,७३० वजा केले, उरले ६,२३०.

खाद्यात प्रथिन पुरेसं असतं आणि जनावराने १३० ग्रॅम प्रथिन बसवलं असतं, तर त्याला १,३८० गेले असते. बाकीच्यातून सुमारे ३९० ग्रॅम चरबी. मांस ५८५ ग्रॅमच्या आसपास.

पण तुमच्याकडे प्रथिन पुरेसं नाही. भात आणि चपाती म्हणजे पिष्टमय ऊर्जा. तिच्यात लायसिन (प्रथिन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातलं एक) फार तोकडं, आणि लायसिन नसेल तर बाकीची अमिनो आम्लं असूनही मांस बनत नाही. भिंत बांधताना सिमेंट संपलं तर विटांचा ढीग काय कामाचा? या वजनाला दिवसाला साधारण १९ ग्रॅम पचणारं लायसिन हवं, भात-चपातीच्या खरकट्यातून ६-७ ग्रॅम मिळतं. त्यात प्रथिन ६० ग्रॅमच्या आसपास बसेल. मग मांस २७० ग्रॅम, आणि वाचलेली ऊर्जाही चरबीत, म्हणजे जवळपास ४५० ग्रॅम. खाणं तेवढंच, मांस निम्म्याहून कमी. व्यापाऱ्याने बघितलेला पांढरा थर हा आहे.

आता पिल्लांकडे या. तिथे गोष्ट नेमकी उलटी. २५ किलोच्या पिल्लाची मांस बनवण्याची ताकद त्याच्या भुकेपेक्षा मोठी असते. जेवढी ऊर्जा पोटात जाईल तेवढं मांस. १.२ किलो चांगलं कोरडं खाद्य खाल्लं तर उरलेल्या ऊर्जेतून १०० ग्रॅमच्या वर प्रथिन बसतं. तेच खाद्य ९०० ग्रॅमवर आणलं तर ६५-७० ग्रॅम. पाव खाद्य कापलं आणि मांस तिसऱ्या हिश्श्याने गेलं, कारण जगण्याचा खर्च तोच राहिला. तुमच्या पिल्लापुढे तीन-चतुर्थांश पाणी असलेलं खरकटं आहे. १.२ किलो खाद्याएवढी ऊर्जा मिळवायला त्याला सव्वाचार किलो खरकटं गिळावं लागेल. एवढंसं पोट, कुठे मावणार? म्हणून पोट सुटलेलं आणि पाठ बारीक. त्यात लायसिनची गरज या वयात टक्केवारीने सर्वांत जास्त, तीही भागत नाही.

थोडक्यात, लहानपणी तुमचं खरकटं ऊर्जेला कमी पडतं आणि मोठेपणी प्रथिनाला. खाणं एकच, पण दोन वयांत दोन वेगळ्या कमतरता.

माळावरचा | १३ नोव्हेंबर, रात्री ८:१५

डॉक्टर, दोनदा वाचलं. चार वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं. मी मोठ्यांचं खाणं कमी करणार होतो.

निवृत्त_पशुवैद्य | १३ नोव्हेंबर, रात्री ८:४०

नुसतं खाणं कमी करू नका. आहे त्या खरकट्यावर मात्रा घटवली तर लायसिन आणखी घटेल. चरबी कमी होईल, पण मांसही जाईल आणि जनावर महिनाभर जास्त सांभाळावं लागेल. आधी प्रथिन नीट, मग मात्रा.

शेतकरी_पुत्र_बारामती | १४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

वाचतोय. एक शंका. लहानपणी स्वस्तात, कमी खाऊ घालून जगवायचं आणि शेवटी दोन महिने भरपूर चारायचं, असं आमच्याकडे बरेच जण करतात. जनावर मागची कसर भरून काढतं म्हणतात. त्यात तोटा आहे का?

निवृत्त_पशुवैद्य | १४ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

आहे, आणि हे फार जुन्या काळी तपासलेलं आहे. न्यूझीलंडचे संशोधक मॅकमीकन केंब्रिजला जॉन हॅमंड या शास्त्रज्ञांकडे काम करत होते. त्यांनी डुकरांचे चार गट केले. एकाला शेवटपर्यंत भरपूर, एकाला आधी भरपूर आणि मग कमी, एकाला आधी कमी आणि मग भरपूर, एकाला शेवटपर्यंत कमी. सगळी २०० पौंडांना, म्हणजे सुमारे ९० किलोला कापली. निष्कर्ष १९४०-४१ मध्ये छापले गेले. वजन सारखं, पण आधी भरपूर आणि मग कमी मिळालेल्यांत शेवटपर्यंत भरपूर मिळालेल्यांपेक्षा मांस जास्त, चरबी कमी. आधी कमी आणि मग भरपूर मिळालेल्यांत चरबी सर्वांत जास्त.

कारण शरीराची वाढ लाटांनी होते. आधी हाडं, मग मांस, शेवटी चरबी. मांसाच्या लाटेत उपाशी ठेवलं तर ती लाट बरीचशी निघून जाते. नंतर घातलेलं खाणं चरबीच्या लाटेला सापडतं. थोडी कसर भरून निघते हे खरं, पण ती वजनात भरते, मांसात तेवढी नाही. आणि माळावरच्यांचं नकळत हेच चाललं आहे. त्यांच्या डुकरांचा गट तिसरा, वर प्रथिनाची तूट.

एक भर घालतो. हॅमंड-मॅकमीकनच्या काळात लायसिन वगैरे वेगळं मोजून खाद्य बनत नव्हतं, आणि ती डुकरंही आजच्यापेक्षा चरबीवाली. त्यामुळे आकडे आज जसेच्या तसे घेऊ नयेत. दिशा घ्यावी.

काणकोणकर | १४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

धागा वाचून राहवलं नाही. मी गोव्यातून, काणकोणातून लिहितोय. आमच्याकडे चरबी म्हणजे तोटा असं कोणी म्हणत नाही. चोरीसला, म्हणजे आमच्या गोव्याच्या मसालेदार सॉसेजला, चरबी लागतेच. नुसत्या मांसाची चोरीस सुकून लाकूड होते, धुरावर धरली की तडकते. सोरपोतेलातही (डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट कालवण) चरबीचे तुकडे हवेत. नाताळच्या आधी गिऱ्हाईक स्वतः येऊन पाठीवर हात फिरवून बघतं, दुकोर (डुक्कर) भरलाय की नाही.

माझ्याकडे आगोंद गोवन जातीची काही आहेत. लहान चणीचं काळं डुक्कर, इथल्याच आगोंद गावाच्या नावाची नोंदणीकृत देशी जात. दोन वर्षांपूर्वी विदेशी संकरासाठीचं भारी खाद्य त्यांनाही घातलं. वजनात फरक किरकोळ, खर्च दुप्पट. डॉक्टर म्हणतात तसं, त्यांची मांस बनवण्याची मर्यादाच लवकर येते. त्यांना परसातलं, खोबऱ्याची पेंड, थोडा कोंडा, भाताची पेज एवढं पुरतं, आणि चवीला त्यांच्या मांसाला तोड नाही, हे मी मनापासून सांगतो.

माळावरच्यांना सुचवतो, सगळा माल एकाच व्यापाऱ्याला देण्यापेक्षा चरबीवाला माल चोरीस करणाऱ्यांपर्यंत पोचतो का बघा.

निवृत्त_पशुवैद्य | १४ नोव्हेंबर, रात्री ९:००

काणकोणकर, महत्त्वाचा मुद्दा आणलात. चरबी वाईट नाही. ज्याच्यासाठी पैसे मिळत नाहीत अशी चरबी महाग पडते, एवढंच. स्पेनमध्ये इबेरियन डुकरं ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत ओकच्या रानात सोडतात, ओकच्या फळांवर. त्या फळांत प्रथिन फार थोडं आणि पिष्ट-तेल भरपूर. ऊर्जा जास्त, प्रथिन कमी. माळावरच्यांच्या खरकट्याचंच हे भावंड! तिथे ती चरबी मांसाच्या धाग्याधाग्यांत उतरते, आणि तिथल्या हॅमला (खारवून वाळवलेल्या मांडीला) जगात मोठा भाव आहे. पण ती जातच तशी आणि गिऱ्हाईकही तसं. यॉर्कशायरची चरबी पाठीवर थरात जाते.

तुमच्या खोबऱ्याच्या पेंडीबद्दलही सांगायला हवं. तिच्या तेलाने चरबी घट्ट राहते. खाद्यात सोयाबीन, शेंगदाणा, किंवा तेल न काढलेलं राईस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारी भुकटी) जास्त गेलं तर चरबी मऊ, तेलकट होते, कारण डुकराच्या अंगातली चरबी खाद्यातल्या तेलाचा स्वभाव घेते. चोरीसवाल्याला ती नको असते. माळावरचे, तुमच्या कॅन्टीनचं तळण कोणत्या तेलात असतं?

माळावरचा | १४ नोव्हेंबर, रात्री ९:३५

सोयाबीन आणि पामतेल, दोन्ही. आता कळलं, चरबी हाताला लिबलिबीत का लागते ते. काणकोणकर दादा, चोरीसची वाट मी शोधून बघतो, पण माझं नेहमीचं गिऱ्हाईक पुण्याचं, त्याला लाल मांस हवं आहे.

ब्रह्मपुत्रेकाठी | १५ नोव्हेंबर, पहाटे ५:५५

मी मूळची लातूरची, गुवाहाटीजवळ पशुवैद्यक म्हणून काम करते. आहारावर डॉक्टरांनी लिहिलं आहे, मी खरकट्याबद्दल एकच सांगते, पण कृपा करून ते टाळू नका.

२०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात पहिल्यांदा आला तो इकडेच, आसाम-अरुणाचलात. ज्या घरांच्या परसात संध्याकाळी बारा डुकरं होती तिथे आठवड्यात एक उरलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उपचार नाही. हा विषाणू डुकराच्या मांसात, सॉसेजमध्ये, गोठवलेल्या तुकड्यात टिकून राहतो, आणि खरकट्यातून थेट तुमच्या शेडमध्ये येऊ शकतो. कॅन्टीनमध्ये डुकराचं मांस शिजत नसलं तरी कामगाराच्या डब्यातलं काय, हे तुम्ही सांगू शकत नाही.

खरकटं किमान ९० अंशांवर पूर्ण एक तास, सतत ढवळत उकळायला हवं. वरवर उकळी आणून उपयोग नाही, मधला गोळा थंड राहतो. कच्च्या खरकट्याची पिंपं आणि शिजवलेल्याची पिंपं वेगळी, बादल्याही वेगळ्या. नवीन जनावर आणलं तर वेगळं ठेवा.

इकडेही लोकांना चरबी आवडते, बांबूच्या कोंबासोबत शिजवतात. तरी राणी इथल्या राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने विदेशी हॅम्पशायर आणि देशी घुंगरू या जातींचा जो संकर काढला, त्याला पाळणारे पसंती देतात. घुंगरूसारखी पिल्लं जास्त आणि इकडच्या हवेत टिकणारा.

माळावरचा | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१०

ताई, खरं सांगतो, मी आजवर जेमतेम उकळी आणत होतो. आजपासून घड्याळ लावून.

उत्तरेची_सून | १५ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

डेन्मार्कहून लिहितेय. मी जटलँडमध्ये एका फार्मवर खाद्य-व्यवस्थापन बघते, माहेर सांगलीचं.

इथे कत्तलखान्यात प्रत्येक शवाची लाल मांसाची टक्केवारी यंत्राने मोजतात आणि भाव त्यावर ठरतो. युरोपात एस, ई, यू, आर, ओ, पी अशी प्रतवारी आहे. ६० टक्के आणि वर मांस असेल तर एस, ५५ ते ६० ई, ५० ते ५५ यू, असं खाली. जिवंतपणी चरबी बघायची तर शेवटच्या बरगडीवर, पाठीच्या मध्यरेषेपासून साडेसहा सेंटिमीटर बाजूला अल्ट्रासाउंड लावतात.

मला सांगायचं आहे ते खच्ची नरांबद्दल. ते माद्यांपेक्षा साधारण दहा टक्के जास्त खातात आणि त्यांची मांसाची मर्यादा थोडी खालची, म्हणजे चरबीला दोन्हीकडून वाव. माद्यांना पोटभर दिलं तरी चालतं, खच्ची नरांना शेवटच्या टप्प्यात हात आखडता घ्यावा लागतो. एकत्र ठेवलं तर दोघांपैकी एकाचं चुकतंच. आमच्याकडे पातळ खाद्य लांब कुंडात सोडतात, वेळ आणि माप ठरलेलं. कुंड एवढं लांब की सगळी एकाच वेळी तोंड घालतील. माप कमी करायचं आणि कुंड आखूड, असं केलंत तर दांडगी तेवढंच खाणार आणि गरीब उपाशी मरणार. मोठ्या जनावरामागे फूटभर जागा हवी.

माळावरचा | १६ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. आता प्रत्यक्ष काय करू? पिल्लांचं खाद्य घरी बनवायचं आहे. मका आणि सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) इथे सहज मिळते. आणि मोठ्यांना खरकटं पूर्ण बंद करणं मला परवडणार नाही.

निवृत्त_पशुवैद्य | १७ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

पूर्ण बंद करायची गरज नाही. खरकटं ही तुमची स्वस्त ऊर्जा आहे, ती योग्य वयात वापरा.

दूध तोडल्यापासून पहिले पंधरा दिवस चांगलं स्टार्टर (पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) विकतच आणा. २० टक्के प्रथिनवालं, दुधाची पावडर किंवा मासळीची भुकटी असलेलं. महाग वाटेल, पण पिल्लू खातंच किती? तिथे काटकसर नको.

वीस किलोपासून पन्नासपर्यंत घरचं: १०० किलोत मका भरडा ६२, सोया डीओसी २५, गव्हाचा कोंडा १०, मिनरल मिक्श्चर, चुनखडी, डायकॅल्शियम फॉस्फेट आणि मीठ मिळून २.५ च्या आसपास, त्यात लायसिन २०० ग्रॅम आणि जीवनसत्त्वांचं प्रीमिक्स पाकिटावरच्या मात्रेने. प्रथिन १८ टक्के, लायसिन १.१ टक्के, ऊर्जा ३,१५० च्या आसपास बसते. या वयात कुंड रिकामं दिसता कामा नये, पोटभर. मका घेताना बुरशी बघून घ्या, काळसर दाणा दिसला तर स्वस्तात मिळाला तरी नको.

पन्नासच्या पुढे खरकटं सुरू करा, पण ८-१० दिवसांत हळूहळू. प्रत्येक जनावरामागे रोज ४०० ग्रॅम सोया डीओसी आणि मिनरल मिक्श्चर, खरकटं निवल्यावर मिसळून. ४०० ग्रॅम सोयातून ११ ग्रॅमच्या वर लायसिन येतं, वर हिशोब दिला ती तूट जवळपास भरते. सोयाची ऊर्जाही मोजा, म्हणजे दीड-दोन किलो खरकटं कमी करा. तळण आणि वर तरंगणारं तेल काढून टाकता आलं तर काढा.

पासष्ट किलोनंतर खच्ची नर वेगळे. सोया तेवढीच ठेवायची, खरकटं आणखी दीड किलो कमी. ८० किलोच्या जनावराला कोरड्या भाषेत २.८ ऐवजी २.४ किलो गेलं आणि प्रथिन पुरेसं असलं, तर मांस तेवढंच राहतं आणि रोजची चरबी साधारण ३९० वरून २९० ग्रॅमवर येते. वजन थोडं हळू चढेल. काटा बघून घाबरू नका.

आणि नोंद ठेवा. दर पंधरा दिवसांनी वजन, रोजचं खाद्य, कापताना पट्टीने चरबी.

शेतकरी_पुत्र_बारामती | १७ नोव्हेंबर, दुपारी २:००

उन्हाळ्यात डुकरं खातच नाहीत, तेव्हा काय?

निवृत्त_पशुवैद्य | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

डुकराला घाम जवळजवळ येत नाही. ऊन वाढलं की ते खाणं कमी करून अंगातली उष्णता कमी करतं. मोठ्या जनावराला चरबीच्या बाजूने ते चालून जातं, पिल्लाला मात्र मार बसतो. पहाटे आणि रात्री खायला द्या, दुपारी अंगावर पाणी, सावली, वारा. कोंडा कमी करा, कारण तंतुमय खाद्य पचवताना जास्त उष्णता तयार होते. खाणं घटतं म्हणून लायसिनचं प्रमाण किंचित वाढवा. जाडीभरडी पेंड घालून प्रथिन वाढवू नका, जादा प्रथिन जाळतानाही उष्णता होते.

माळावरचा | २१ जानेवारी, रात्री ९:१५

धागा वर आणतोय. तेव्हा पंचावन्न-साठ किलोची जी १८ जनावरं होती त्यांतल्या १६ जणांना खरकट्यासोबत सोया सुरू केली, खच्ची नर वेगळे केले, कुंड लांबवलं. ती १६ विकली. शेवटच्या बरगडीपाशी चरबी २७ ते ३१ मिलिमीटर. व्यापाऱ्याने या वेळी भाव पाडला नाही.

बाकीचे दोन खच्ची नर मुद्दाम जुन्याच पद्धतीने ठेवले होते, मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. ३६ आणि ३७ निघाले.

निवृत्त_पशुवैद्य | २१ जानेवारी, रात्री १०:००

दोन वेगळे ठेवलेत, याचा मला फार आनंद झाला. यांचं बालपण मात्र जुन्याच पद्धतीचं होतं, त्यामुळे याहून खाली येणं अवघड होतं. नोव्हेंबरात दूध तोडलेल्या पिल्लांकडे माझं लक्ष आहे.

माळावरचा | २४ एप्रिल, सकाळी ६:४०

डॉक्टर, ती पिल्लं परवा गेली. २२ होती, एक जानेवारीत जुलाबाने गेलं, २१ विकली.

नव्वद किलोला पूर्वी साडेसात-आठ महिने लागायचे, ही साडेसहा महिन्यांची होऊन गेली. माद्यांची चरबी २० ते २३ मिलिमीटर, खच्ची नरांची २३ ते २६. मका-सोयाचा खर्च पिल्लांच्या टप्प्यात जनावरामागे चांगलाच वाढला, पण महिना-दीड महिन्याचं खरकटं, सरपण आणि मजुरी वाचली. वही समोर घेऊन बसलोय, जनावरामागे हातात जास्त उरले आहेत. यात सगळं श्रेय खाद्याचं धरत नाही. ही बॅच बरीचशी थंडीत वाढली, आणि एक तास उकळायला लागल्यापासून जुलाब एकूणच कमी आहेत.

मार्चच्या शेवटी खाणं घटलं होतं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे पहाटे पाच आणि रात्री नऊ अशी वेळ केली, छतावर उसाचं पाचट टाकलं.

काणकोणकर दादा, जानेवारीतले जुन्या पद्धतीचे जे दोन होते त्यांचं मांस मी इथल्या एका गोवेकर कुटुंबाला चोरीससाठी दिलं होतं. चरबी मऊ आहे म्हणाले, भरताना हाताला चिकटते. पुढच्या खेपेला दोन जनावरांचं तळण पूर्ण बंद करून शेवटचे दोन महिने खोबऱ्याची पेंड घालून बघणार आहे. पेंड तुमच्याकडून मागवता येईल का, आणि रोज किती घालू?

काणकोणकर | २४ एप्रिल, दुपारी १:१०

पाठवतो. मोठ्या जनावराला पाव किलोपासून सुरू करा, आठवड्याने अर्धा किलो. ताजीच वापरा, पावसाळ्याच्या तोंडावर लवकर खवट होते. सोया मात्र बंद करू नका, खोबऱ्याच्या पेंडीत लायसिन कमी असतं. नाताळच्या आधी एक माझ्याकडे घेऊन या, आमच्याकडची बाई स्वतः चोरीस भरून सांगेल.